फेस गेला, गाळ राहिला

धुलाईच्या पावडरीतील द्रव्ये निसर्गात विरून जातात, या आश्वासनावर समाज गेली सहा दशके निर्धास्त आहे. ते आश्वासन खोटे नाही. मात्र ते अपुरे आहे.

1950 नंतर युरोप-अमेरिकेतील नद्यांवर साबणचुऱ्याच्या फेसाचे डोंगर दिसू लागले. फाटे फुटलेल्या रेणूंची ती द्रव्ये जिवाणूंना पचत नव्हती. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये कायदा केला, तो 1964 पासून अमलात आला आणि उद्योगाने सरळ साखळीचे लिनियर अल्किल बेंझिन सल्फोनेट स्वीकारले. फेस ओसरला. भारतीय पावडरींचाही मुख्य आधार आज हेच द्रव्य आहे.

परंतु जिवाणू या साखळीचे टोक प्रथम फोडतात ते हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने. सांडपाण्यातील या द्रव्याचा काही भाग हवा खेळविलेल्या टाकीपर्यंत पोचण्यापूर्वीच गाळाला चिकटून खाली बसतो. तो गाळ मिथेन वायूसाठी बंद टाकीत कुजविला जातो. तेथे प्राणवायू नसल्याने पहिला घावच बसत नाही. परिणामी अशा गाळाच्या दर किलो शुष्क भागात हे द्रव्य कित्येक ग्रॅम उरते. साधा साबण किंवा मेदजन्य अल्कोहोल सल्फेट मात्र त्याच टाकीत विघटित होतात.

युरोपीय संघाच्या 2004 च्या नियमाने कसोटी लावली ती प्राणवायूच्या सान्निध्यातील विघटनाचीच. डेन्मार्कने अधिक सावधपणा दाखविला. शेतात टाकावयाच्या गाळात किलोमागे 2600 मिलिग्रॅमची मर्यादा त्याने 1997 पासून घातली आणि 2000 मध्ये ती 1300 वर आणली.

हवेशीर जमिनीत हे द्रव्य काही आठवड्यांत नाहीसे होते, असा युक्तिवाद केला जातो. तो बराचसा खराही आहे. पण बंद टाकीचा धडा याहून कठोर आहे. नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट या दुसऱ्या शोधक द्रव्याचे तेथे अर्धवट विघटन होऊन अधिक विषारी नोनिलफेनॉल साचते, हे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी 1984 मध्ये दाखवून दिले. युरोपात त्यावर निर्बंध लागू होण्यास 2005 उजाडले!

भारताला हा प्रश्न परका नाही. कानपूरला 1989 मध्ये यूएएसबी पद्धतीचा प्रयोग झाला. 1993 मध्ये सुरू झालेल्या यमुना कृती योजनेत उत्तर प्रदेश व हरियाणातील अनेक केंद्रे याच पद्धतीने उभारली गेली. विजेची बचत हा तिचा मोठा गुण. पण तीत सांडपाण्याचे मुख्य शुद्धीकरणच प्राणवायूविना होते. म्हणजे ज्या परीक्षेत पावडर उत्तीर्ण झाली, ती परिस्थितीच तेथे नाही.

म्हणून बंदीची आरोळी ठोकण्याचे कारण नाही; डोळे मिटून घेण्याचेही नाही. पावडरीची परीक्षा प्राणवायूविनाही व्हावी. गाळ शेतात जाण्यापूर्वी त्याची तपासणी व्हावी आणि त्याला पुरेशी हवा दिली जावी. नदीवरचा फेस सर्वांना दिसला म्हणून कायदे झाले. गाळातले द्रव्य कोणास दिसत नाही, आणि तो गाळ पसरला जातो तो शेतकऱ्याच्या जमिनीवर, हे राज्यकर्त्यांनी विसरता कामा नये.