औषधाच्या खिडकीपाशी एक मिनिट

आजीच्या संधिवातावर डॉक्टर मेथोट्रेक्सेट देतात, तेव्हा ती गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते. सोबत फॉलिक ॲसिडही असतं. दोन्ही गोळ्या लहान, पिवळसर असू शकतात. दवाखान्यातल्या खिडकीवर गर्दी, चिठ्ठीवरचं अक्षर घाईचं. अशा वेळी पाकिटावर चुकून ‘रोज एक’ लिहिलं जातं. रोज घेतल्यास मेथोट्रेक्सेट जिवावर बेतू शकतं.

म्हणून खिडकी सोडण्याआधी स्ट्रिपवरचं नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून पाहा. विचारा, “ही गोळी कशासाठी? कोणत्या वारी?” तो वार पाकिटावर लिहून घ्या. घरी तोंडात फोड किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टरांना कळवा. मागे रांग असली तरी संकोच नको.