दोष वाचकाचा कसा?

संपादक महोदय,

‘मराठी वाचकाला पोकळ पण गोडच हवे असते’ हे आपल्या लेखकाचे मत एकांगी आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने आली. भाषा घरगुती, नटवेपणा नाही, तरी आजही लोक ती आवडीने वाचतात. शिवाय गोडवा आणि पोकळपणा एक नाहीत. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) लयदार आहे, पण त्या-त्या महिन्याची झाडेफुले त्यात नेमकी दिसतात.

पोकळ वाक्य भुलवते, एवढे मान्य. त्यात ‘आठवणींचा पारिजात’ दरवळतो, पण माणूस कुणीच नसतो. मग जो तो आपलेच माणूस तिथे बसवतो आणि डोळे पुसतो. ते अश्रू खरे असतात. त्यांचा फायदा उठवणाऱ्या लेखकांबद्दल त्या लेखात अक्षरही नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा