कानात मेणबत्ती

आजचा विषय कान. म्हणजे कानात मेणबत्ती! 'इअर कँडलिंग' या नावाने हा उपचार युरोप-अमेरिकेत बरीच वर्षं चालतो आणि आता त्या मेणबत्त्या आपल्याकडेही ऑनलाइन मागवता येतात. मेणात बुडवलेल्या कापडाची पोकळ नळी. माणसाला कुशीवर झोपवायचं, नळीचं एक टोक कानात ठेवायचं, दुसरं पेटवायचं. वर जाणारा धूर कानातला मळ ओढून घेतो, म्हणे. शेवटी उरलेलं थोटूक कापून दाखवतात. आत तपकिरी लगदा. "बघा, किती घाण निघाली!"

सगळी गोम इथेच आहे. तीच नळी रिकाम्या पेल्यावर धरून जाळा, लगदा तसाच निघतो. पेल्याला कुठून आला मळ? ते मेणबत्तीचंच मेण. आणि धुराड्याला ओढ असते ती खालून हवा आत शिरते म्हणून. कानाच्या तळाशी तर पडदा आहे, बंद. (यानं सायनसही मोकळं होतं म्हणणाऱ्यांना तो पडदा आठवतच नसावा.) अमेरिकेत १९९६ साली कान-नाक-घसा तज्ज्ञांनी हे चक्क मोजलं. ओढ शून्य. आठ कानांवर करून पाहिलं तर मळ जिथल्या तिथे, उलट काही स्वच्छ कानांत मेण जाऊन बसलं!

मग 'प्राचीन' हा हुकमी एक्का येतो. ॲरिझोनातल्या होपी लोकांची विद्या आहे म्हणे. होपींनीच सांगून टाकलंय की ही आमची नव्हे, आमचं नाव वापरू नका. ऐकतो कोण?

"पण अपाय तर नाही ना?" आहे. त्याच डॉक्टरांनी १२२ सहकाऱ्यांना विचारलं तेव्हा २१ इजा नोंदल्या गेल्या. बहुतेक भाजण्याच्या, काही मेणाने कान बंद झाल्याच्या, एकात पडदा फाटलेला. २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने लोकांना सावध केलं, विकणाऱ्यांनाही पत्रं पाठवली.

माझा खरा राग मात्र निराळा आहे. माझ्या मावशीला वर्षभर कमी ऐकू येतंय. तिची तीन 'सिटिंग' झाली. दर वेळी घाण निघते, दर वेळी पुढची तारीख मिळते. हलकं वाटतं म्हणते. अर्धा तास कुणी शांत पडू दिलं की कुणालाही हलकं वाटेल! पण टीव्हीचा आवाज वाढतोच आहे, आणि फोनवर नातीचं बोलणं कळलं नाही की ती नुसतं "हो हो" म्हणते. कानात मळ आहे की नाही हे डॉक्टर दोन मिनिटांत बघून सांगतात. नसेल तर ऑडिओमेट्री.

मावशी, तू हे वाचतेस हे मला ठाऊक आहे. शनिवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. तोवर कानात काही घालू नकोस, तेलसुद्धा नाही.