वस्तादांची नजर

शिक्षक व्हायचे तर हल्ली आधी प्रमाणपत्र लागते. माझ्या लहानपणी पुण्यात आमच्या पेठेतल्या ज्या तालमीत वडिलांनी मला नेऊन सोडले, तेथल्या वस्तादांपाशी कागद म्हणून एकच होता : दुधाच्या उधारीची वही!

"पोराला कुस्ती शिकवा," वडील म्हणाले.

"शिकवू की. आधी फावडं घे म्हणावं."

दीड महिना मी आखाडा खणला. लाल माती खणायची, चाळायची, तीत तेल, ताक, हळद, लिंबू कालवायचे, की पुन्हा खणायची. वस्तादांना फुकटचा गडी मिळाला, असेच मला वाटे! पण कंबर, खांदे नि मनगटे त्या फावड्यानेच तयार झाली. शिवाय आपण ठेवलेला खडा आपल्याच पाठीत रुततो, हेही कळले. मग जोर, बैठका आणि अखेर थोरल्या पठ्ठ्यांशी लढत. वस्ताद तोंडाने फारसे शिकवीत नसत. ढाक कशी मारायची, हे ती दहा वेळा खाल्ल्यावरच उमजे.

थोरला पठ्ठा धाकट्याला खेळवी तेव्हा वस्तादांची नजर धाकट्यावर नसे, थोरल्यावर असे. हा पोराला नुसता चिरडतो, की मुद्दाम एखादी पकड करू देतो? पुढचा वस्ताद तेथेच निवडला जाई.

एकदा मी एका नवशिक्या पोराला धोबीपछाड मारली आणि शाबासकीसाठी मान वर केली. वस्ताद म्हणाले, "पैलवान होशील. वस्ताद व्हायचा नाहीस." त्या पोराचा खांदा दुखावला होता. तो पुन्हा तालमीत आला नाही.

1961 साली पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली, प्रशिक्षकांना पदविका मिळू लागल्या. ते हवेच होते. आमच्या वस्तादांचे मुरगळण्यावरचे औषध म्हणजे गरम तेल आणि एक शिवी! पण नजरेची पदविका कोण देणार? हरिश्चंद्र बिराजदार 1969 चे महाराष्ट्र केसरी. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते पोरे घडवीत बसले. 2011 साली ते गेले. त्यांचा पठ्ठा राहुल आवारे याने 2018 साली राष्ट्रकुलात सुवर्णपदक जिंकले, ते वस्तादांच्या नावाने! थायलंडातला मुष्टियोद्धासुद्धा झुंजीआधी 'वाय क्रू' करतो. त्यातला 'क्रू' म्हणजे आपला गुरूच.

दिवाळीच्या तोंडावर परवा त्याच बोळातून चाललो होतो. तालमीच्या दारातून पाहिले, तर एक थोराड पोरगा धाकट्याचा हात धरून आपल्याच मानेवर नेऊन ठेवीत होता. सुटला की पुन्हा ठेवी. नकळत मी आत पाऊल टाकले.

"ओ काका," आतून आवाज आला, "चपला बाहेर!"