साखळी सुटली तर...

परवा आमच्या चाळीत एकाचा पाळलेला कुत्रा साखळी तोडून जिन्यात आला. पोरे भेदरली. मालक म्हणाले, "चावला नाही ना, मग दंड कसला?"

बंधू-भगिनींनो, तसे नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 291 पाहा. जनावरापासून जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असूनही मालक निष्काळजी राहिला, तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी हा दंड 1,000 रुपयांपर्यंत होता. हातावर पोट असणाऱ्याला तो परवडेल का?

मुंबईत महापालिकेचा परवाना लागतो. त्याची फी मुदतीत भरावी, रेबीजची लसही चुकवू नये. कोणाला चावलाच, तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

जनावराला कायदा कळत नाही. तो आपल्याला कळला पाहिजे.