वहीपूजन

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीपासून शहागंजापर्यंत, जुन्या पेढ्यांवर नव्या वहीची पूजा होते. जमा-नावे लिहिणाऱ्या वहीला हळदकुंकू वाहावे, ही रीत मला फार आवडते. कारण माणूस ज्या दिवशी हिशेब विचारणे सोडतो, त्या दिवशी तो दुसऱ्याचा होतो. बुवाबाजीचे सारे मर्म मला यातच दिसते.

‘अडाणी लोकच फसतात हो!’ असे आपण सहज म्हणून जातो. पण १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथात चांगले डॉक्टर आणि शास्त्रज्ञ होते. इतके लांब तरी कशाला? आमच्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या शिऊर गावी, जुलै २०२५ मध्ये एका स्वयंघोषित बाबावर गुन्हा नोंदला गेला. भूतबाधा उतरवण्याच्या नावाखाली लोकांना मारहाण केल्याचा आरोप होता. मार खाणारा माणूस उठून चालू का लागत नाही, असे मला पुष्कळांनी विचारले.

याचे उत्तर मला आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडून मिळाले. उभा जन्म त्यांनी बँकेत आकडे जुळवण्यात घालवला. पत्नी वारली, मुले परगावी, घर खायला उठले. अशा वेळी एका ‘महाराजां’ची मंडळी रोज संध्याकाळी येऊन ‘काका, जेवलात का?’ असे विचारू लागली. सुरुवात अशी गोडच असते, वाचकहो! मग आज्ञा झाली, निंदकांची संगत सोडा. निंदक म्हणजे घरचेच. मग नारळाचे अनुष्ठान झाले, अनुष्ठानाची देणगी झाली, देणगीपायी ठेव मोडली. गुण आला तर ती महाराजांची कृपा. न आला तर यांची श्रद्धा उणी. जमेची बाजू सदा महाराजांची, नावेची सदा यांची! लोकांच्या वहीतला एक रुपया हुडकून काढणाऱ्या माणसाला ही चूक दिसू नये? दिसत होती. पण जितके अधिक दिले, तितके ‘मी फसलो’ म्हणणे जड होत गेले.

धाकट्या भावाने भांडून पाहिले, मूर्ख म्हणून पाहिले. महाराजांनी ‘घरचे विरोध करतील’ असे आधीच सांगून ठेवले होते. भावाचा प्रत्येक शब्द त्यांची वाणी खरी करीत गेला. पैठणची थोरली बहीण मात्र दर भाऊबीजेला बोलावी, ओवाळी, जेवू घाली. महाराजांचे नावही काढीत नसे. तिसऱ्या वर्षी हे आपणच बोलले, “अक्का, खर्चाचा हिशेब विचारला, तर मला सगळ्यांदेखत उभे केले.”

अक्का म्हणाली, “विचारलेस ते बरे केलेस. बस, पान वाढते.”

किती गेले, हे तिने त्या दिवशी विचारले नाही. पुढल्या महिन्यात त्यांचे तिकडे जाणे थांबले.

पैठण म्हटले की नाथमहाराज आठवतात. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना एका पैची चूक शोधण्यासाठी नाथ रात्रभर जागले, आणि ती सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मला त्यातला गुरू फार मोठा वाटतो. त्याने शिष्याच्या हाती वही दिली. आजचे महाराज आधी वहीच काढून घेतात. साधा दुकानदारसुद्धा मागितली तर पावती देतो!

कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि त्याच आठवड्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. छळ होत असेल तर पोलिसांत जावे, मुळीच कचरू नये. पण नुसत्या गोड बोलण्याने बांधलेल्या माणसाला पोलीस कसे सोडवणार? त्याला परतायला घर लागते. आपल्या गोतावळ्यातले असे कोणी असेल, तर यंदा भाऊबीजेला त्याला अवश्य बोलवा. ‘आम्ही सांगत नव्हतो का?’ हे वाक्य मात्र गिळून टाका. महाराजांना हिशेब विचारण्याचे बळ त्याला आपल्या पंगतीतच यायचे आहे.