बॅटरी घट्ट चिकटवा, पण सुटेल अशी!

खडकी बाजारात मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे फुगलेली बॅटरी बदलायला दिली, की स्क्रूड्रायव्हरपेक्षा हीट गनचंच काम जास्त. कारण? गोंद. बॅटरी उचकटताना वाकली किंवा तिला भोक पडलं तर आगही लागू शकते.

युरोपियन युनियनने यावर नियम केलाय. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे, तीही उष्णता किंवा सॉल्व्हंट न वापरता. फोनसाठी एक पळवाट आहे: १,००० चार्जिंगनंतरही ८० टक्के क्षमता टिकवणाऱ्या वॉटरप्रूफ फोनला सूट मिळू शकते.

मग कमजोर गोंद वापरायचा का? गरज नाही. टिकली बघा. बाजूला सरकवून ती पटकन निघत नाही, पण नखाने कड उचलली की लगेच हातात येते. सरकवताना जोर सगळ्या टिकलीवर वाटला जातो. सोलताना तो फक्त कडेच्या एका रेषेवर येतो. भिंतीवरची पालही हेच करते. तिच्या बोटांवर गोंद नसतो, लाखो सूक्ष्म केस असतात. केसांचा कोन बदलला की पकड सुटते, आणि पुढच्याच पावलाला पुन्हा बसते. टिकलीचा गोंद मात्र धूळ लागून संपतो.

फोनमध्ये काय चालतं? काही बॅटऱ्यांखाली ओढायची पट्टी असते. ती ताणली की बारीक होत सुटत जाते. पण मध्येच तुटली की पुन्हा हीट गन! ॲपलने २०२४ च्या आयफोन १६ मध्ये विजेने सुटणारा गोंद आणला. ९ व्होल्टची साधी बॅटरी जोडा, साधारण दीड मिनिटात पकड सुटते. अर्थात हा गोंद एकदाच वापरायचा. नव्या बॅटरीला नवा लागतो. पालीसारखा पुन्हा पुन्हा चिकटणारा नाही.

‘वॉटरप्रूफ हवा तर गोंद लागणारच’ हे अर्धंच खरं. पाणी अडवणारा गोंद फोनच्या कडेला असतो. बॅटरीखालचा वेगळा. तो सुटेल असा ठेवणं हा कंपनीचा निर्णय आहे.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’चा अहवाल दिला. फोन दुरुस्तीला किती सोपा, याचे गुण ग्राहकाला दिसावेत ही कल्पना. तोपर्यंत नवा फोन घेण्याआधी कॅमेऱ्याच्या रिव्ह्यूसोबत फोन उघडून दाखवणारा एक व्हिडिओही बघा. बॅटरीखाली पट्टी आहे की नुसता गोंद, ते तिथे कळेल.